आज भाजीला काय करायचं? मराठवाड्यातल्या घरच्या शाकाहारी स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची मापं चार माणसांच्या हिशेबाने दिली आहेत. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, साधारण १५० मिलीची. मोठा चमचा १५ मिलीचा आणि लहान चमचा ५ मिलीचा धरला आहे.

रोज तेच ते होतं, नवीन काही सुचत नाही. सुरुवात कुठून करायची?

घरातल्या डब्यांपासून. नवा पदार्थ शोधताना बहुतेक जण आधी कृती पाहतात, मग तिच्यासाठी सामान आणायला निघतात. त्यातलं अर्धं सामान एकदा वापरून पडून राहतं. त्यापेक्षा घरात जे आहे त्याचं रूप बदलावं. तूरडाळ शिजवून घोटली की वरण होतं, त्यात कणकेच्या चकत्या सोडल्या की चकोल्या होतात. भिजवून भरड वाटून वाफवली की फुणके होतात, पालेभाजीत घट्ट शिजवली की मुद्दा भाजी होते. जिन्नस एकच असला तरी चार दिवस ताटात चार वेगळ्या गोष्टी येतात.

आठवड्याचा बेत आखताना पदार्थांची नावं ठरवत बसू नका, प्रकार ठरवा: एक दिवस डाळीचं, एक दिवस बेसनाचं, दोन दिवस पालेभाजी, एक दिवस मोड आलेलं कडधान्य, एक दिवस फळभाजी, एक दिवस येसर किंवा कढी. मग बाजारात चुका स्वस्त मिळाला तर चुका, नाहीतर मेथी. बेत मोडत नाही. आठवड्यात नवा पदार्थ एकच ठेवा आणि तो सुट्टीच्या दिवशी करा. पहिल्या खेपेला हात बसलेला नसतो, वेळ जास्त लागतो.

चकोल्या आणि फुणके नेमके कसे करायचे?

चकोल्यांसाठी पाऊण वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटा. तेलात मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता, हळद, तिखट आणि एक मोठा चमचा काळा मसाला घालून फोडणी करा. त्यात डाळ आणि साडेपाच ते सहा वाट्या पाणी घाला, थोडी चिंच आणि गूळ घाला. हे वरण मुद्दाम पातळ हवं, कारण कणीक पुष्कळ पाणी पिते. नेहमीच्या वरणाइतकं घट्ट ठेवलं तर दहा मिनिटांत पातेल्यात गोळा होतो. दोन वाट्या कणीक पोळीपेक्षा जरा घट्ट भिजवा, पातळ लाटा, शंकरपाळ्यासारखी कापा. वरणाला खळखळून उकळी असताना तुकडे एकेक करून सोडा. एकदम ओतले तर ते एकमेकांना चिकटतात आणि आत कच्चे राहतात. मध्यम आंचेवर १० ते १२ मिनिटं पुरतात. वरून साजूक तूप, सोबत शेंगदाण्याची चटणी.

फुणक्यांसाठी दोन वाट्या तूरडाळ तीन-चार तास भिजवून पाणी पूर्ण निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. डाळ बोटांना रवाळ लागली पाहिजे. गुळगुळीत वाटलं की फुणके दगडासारखे होतात. ही तक्रार सर्वात जास्त येते आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं. बारीक चिरलेली कांद्याची पात किंवा मेथी, मिरची-लसणाचा ठेचा, जिरे, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल मिसळा. मुठीने लांबट गोळे वळून चाळणीत १५ ते २० मिनिटं वाफवा. सुरी खुपसून पाहावी, ती कोरडी निघाली की झाले. कढीबरोबर खातात. उरलेले दुसऱ्या दिवशी कुस्करून कांद्याच्या फोडणीवर परतले की डब्याची भाजी तयार.

साध्या वरणाला चव येत नाही. काय चुकतं?

बहुतेकदा चुकत काहीच नाही, डाळ जुनी असते. साध्या वरणात मसाल्याचा आडोसा नसतो, त्यामुळे डाळ, हळद, हिंग आणि तूप यांचा दर्जा सरळ जिभेवर येतो. याबाबतीत मराठवाड्याचं नशीब चांगलं आहे. लातूर जिल्ह्यातली बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर आणि हिंगोली जिल्ह्यातली वसमतची हळद या चौघांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हाताशी इतका चांगला माल असताना तोच घ्यावा. डाळ शिजतानाच हळद आणि हिंग घाला, मीठ शिजल्यावर. घोटल्यानंतर एक उकळी येऊ द्यावी, नाहीतर पाणी वेगळं आणि डाळ वेगळी राहते.

डाळ कुकरमध्ये सहा-सात शिट्ट्या केल्या तरी शिजत नाही. कुकर खराब आहे का?

आधी पाणी बघा. मराठवाड्यात पुष्कळ घरांत बोअरचं पाणी वापरात आहे आणि ते जड असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात, म्हणून दाणा फुटत नाही. डाळ भिजवायला आणि शिजवायला तरी पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. एक वाटी डाळीला अडीच ते तीन वाट्या पाणी, अर्धा तास भिजवणं, अर्धा लहान चमचा तेल आणि चार शिट्ट्या, एवढ्यात काम व्हायला हवं.

दुसरं कारण आंबट. चिंच, टोमॅटो, अंबाडी, चुका यांपैकी काहीही डाळीसोबत कुकरमध्ये घातलं तर डाळ कडक राहते. डाळ आधी शिजवायची, आंबट मागून. खायचा सोडा चिमूटभर घातला की डाळ मऊ होते हे खरं, पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चव साबणासारखी लागते. रोज सोडा घालायची सवय लावू नये.

येसर म्हणजे काय? ते घरी करता येतं का?

येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेली पूड. ती पाण्यात कालवून फोडणीत उकळली की येसराची आमटी होते. लग्नकार्यात, गोंधळाच्या जेवणात मोठ्या पातेल्यांत ही आमटी शिजते. घरी डबाभर येसर असेल तर भाजी नसलेल्या दिवसाची चिंताच मिटते, म्हणून या एका पदार्थावर जरा जास्त वेळ खर्च करा.

प्रमाण असं: गहू १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ पाव वाटी, धने अर्धी वाटी, जिरे २ मोठे चमचे, मिरे १ लहान चमचा, लवंगा ८ ते १०, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, तमालपत्र ३, मसाला वेलची २, थोडं दगडफूल, सुक्या लाल मिरच्या १० ते १२, सुंठ पूड १ लहान चमचा, हळद १ मोठा चमचा, हिंग अर्धा लहान चमचा. घराघरात यात फरक असतो. कुणी गव्हाऐवजी ज्वारी घेतं, कुणी दोन्ही.

सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. गहू मंद आंचेवर तडतडायला लागेपर्यंत, साधारण आठ ते दहा मिनिटं. हरभरा डाळ गुलाबीसर आणि दाताखाली कुरकुरीत होईपर्यंत. ती वरून लाल दिसली तरी आतून कच्ची असू शकते, म्हणून दोन दाणे चावून बघायचे. मसाले थेंबभर तेलावर, वास सुटेपर्यंतच. सगळं एकाच कढईत ओतलं तर जिरे जळतात, डाळ कच्ची राहते आणि आमटीला कडवट पिठूळ चव येते. पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम असताना दळलं तर पुडीला ओल सुटते आणि महिन्याभरात कुबट वास येतो. पूड अगदी मैद्यासारखी नको, बेसनाहून किंचित जाडसर ठेवा.

आमटीसाठी पाच मोठे चमचे येसर एका वाटी गार पाण्यात कालवून घ्या. गरम पाण्यात कोरडी पूड टाकली तर गाठी होतात आणि त्या मोडत नाहीत. तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, आठ-दहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं अर्धी वाटी वाटण परता. तेल सुटलं की तिखट घाला, लगेच पाच वाट्या कढत पाणी ओता, त्यात कालवलेलं येसर सोडून सतत हलवत राहा. पहिली उकळी आल्यावर आंच कमी करून १० ते १२ मिनिटं उकळू द्या. खाली उतरवताना आमटी हवी त्याहून पातळ दिसली पाहिजे, कारण ती पानात येईपर्यंत घट्ट होते. भाकरी कुस्करून खायची तर आणखी वाटीभर पाणी वाढवा.

उन्हाळ्यात भाजी महाग असते आणि लवकर सुकते. मार्च ते जून काय करावं?

या दिवसांसाठीच वाळवण असतं. एक वाटी सांडगे दोन मोठे चमचे तेलात मंद आंचेवर लालसर परता, मग कांदा, लसूण, काळा मसाला, चार वाट्या कढत पाणी, झाकण ठेवून १५ मिनिटं. न परतता पाण्यात टाकले तर ते विरघळून लगदा होतो. हिवाळ्यात वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी हाताने चुरून बेसनाच्या पिठल्यात घालावी. तिला स्वतःचा खारट-आंबट गुण असतो, म्हणून मीठ शेवटी चाखूनच.

बेसन हा दुसरा आधार. पातळ पिठल्याला एक वाटी बेसनास साडेतीन वाट्या पाणी, झुणक्याला एक वाटीस साधारण एकच. पाटवडीला दोन वाट्या पाणी उकळून त्यात एक वाटी बेसन वैरायचं, घट्ट गोळा झाला की वाफ काढून तेल लावलेल्या ताटात थापायचं. वडी मोडते तेव्हा बहुतेक वेळा वाफ कमी पडलेली असते. झाकण ठेवून पाच ते सात मिनिटं मंद आंच द्या.

आणि शेवगा विसरू नका. कमी पाण्यावर जगणारं झाड आहे, पाल्याचीही भाजी होते. कोवळा पाला बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ घालून लसणावर परतावा. देठ काढले नाहीत तर खाताना ते दातात अडकतात.

हुलग्याचे शेंगोळे पाण्यात फुटतात. का?

तीन कारणं: पीठ सैल, पाणी पुरतं उकळलेलं नाही, किंवा सोडल्यासोडल्या पळी फिरवली. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, दोन मोठे चमचे कणीक, लसूण-जिरे-मिरचीचं वाटण, हळद, मीठ. ज्वारी आणि हुलग्यात चिकटपणा नसतो, थोडी कणीक तो आणते. पीठ अगदी घट्ट मळा. तेलाचा हात लावून करंगळीपेक्षा बारीक वळी करा आणि टोकं जुळवून कडं बनवा. जाड राहिलं तर आतून कच्चं.

फोडणीत सात वाट्या पाणी खळखळलं की शेंगोळे सोडा आणि पाच मिनिटं हात लावू नका. वरची बाजू आवळली की मग हलक्या हाताने हलवा. एकूण २० ते २५ मिनिटं लागतात. रस्सा पातळ वाटला तर मळताना ताटात राहिलेलं पीठ पाण्यात कालवून घाला. हा थंडीचा पदार्थ आहे, गरमच खावा. गार झाल्यावर तो चामट होतो.

अंबाडीची भाजी फार आंबट होते. आंबटपणा कसा कमी करायचा?

पानं उकळून पहिलं पाणी ओतून द्या आणि पानं चांगली पिळा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. बाकीचं काम कण्या आणि डाळ करतात: दोन जुड्यांना अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे. हे तिन्ही वेगळे मऊ शिजवून मग अंबाडीत घोटायचे, शेवटी सुपारीएवढा गूळ. वरून लसणाची फोडणी सढळ हाताने द्या, पाऊण वाटी तेल ऐकायला जास्त वाटतं, पण निम्मं भाजीत आणि निम्मं पानात वरून घ्यायचं असतं. करडईचं तेल मिळालं तर तेच घ्या. भांडं स्टीलचं किंवा कल्हईचं हवं. लोखंडी कढईत भाजी काळी पडते आणि ॲल्युमिनियमला आंबट लागतं.

येळवशीची भज्जी एरवी करता येते का?

डिसेंबर ते फेब्रुवारी जरूर करा. लातूर, धाराशिव भागात वेळा अमावस्येला, म्हणजेच येळवशीला, शेतात जेवण असतं, त्यात भज्जी, उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), आंबील आणि गव्हाची खीर लागतेच. पण हिरवे दाणे बाजारात असेपर्यंत भज्जी कुठल्याही दिवशी होते. ओले हरभरे, तुरीचे दाणे आणि वाटाणे प्रत्येकी अर्धी वाटी, शेंगदाणे पाव वाटी एकत्र उकडा. मेथी, पालक, चुका, हरभऱ्याचा पाला असं मिळून चिरलेल्या चार वाट्या पाला आणि एक गाजर, एक वांगं त्यात शिजवा. नंतर तीन मोठे चमचे बेसन पाण्यात कालवून लावा, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घाला, हिरवी मिरची-लसूण-जिऱ्याचा ठेचा तेलात परतून ओता, आणि १५ मिनिटं रटरटू द्या. चिंच दाणे शिजल्यावरच. चुका जास्त असेल तर चिंच निम्मी करा. गोठवलेले वाटाणे वापरून भज्जी होते, पण तुरीच्या ओल्या दाण्यांना पर्याय नाही.

सोबतीला आंबील: अर्धी वाटी ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात रात्रभर भिजवा, सकाळी चार वाट्या उकळत्या पाण्यात हलवत शिजवा, पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ. गरम आंबिलीत ताक ओतलं की फाटतं.

मुरमुऱ्याचा सुशीला लगदा होतो.

मुरमुरे भिजत ठेवू नका. पाण्यात बुडवायचे आणि लगेच पिळून काढायचे. सहा वाट्या मुरमुऱ्यांना तीन मोठे चमचे तेल, मोहरी, शेंगदाणे, चार हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा, हळद. मुरमुरे कढईत गेल्यावर तीन-चार मोठे चमचे डाळ्याचं कूट भुरभुरा. ते राहिलेलं पाणी ओढून घेतं आणि दाणा सुटा राहतो. ही पायरी गाळल्यामुळेच सुशीला बिघडतो. लिंबू आंच बंद केल्यावर.

मुलं ज्वारीची भाकरी खात नाहीत. दुसऱ्या कोणत्या रूपात द्यावी?

धपाटे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचं वाटण, भिजवायला ताक. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे, दह्यासोबत द्यायचे. कांदा न घातलेले धपाटे हिवाळ्यात दोन दिवस टिकतात, प्रवासाला चालतात. ज्वारीच्या कण्यांचा उपमाही बहुतेक मुलांना आवडतो. रव्यापेक्षा पाणी जास्त लागतं, एक वाटी कण्यांना साडेतीन ते चार, आणि कण्या आधी तासभर भिजवाव्या लागतात.

भाकरी नकोशी होण्याचं कारण कधीकधी पीठच असतं. ज्वारीचं दळण आठ-दहा दिवसांपलीकडे ठेवलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरीच्या कडा चिरतात आणि चव कडवट होते. बाजरी तर त्याहून लवकर कडू होते. दळण थोडं थोडं आणा आणि पीठ कढत पाण्यात मळा.

शिळ्या भाकरीचं काय करायचं?

कुस्करून कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याच्या फोडणीवर परता. कडक झाली असेल तर आधी ताकाचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवा. दुसरा प्रकार: ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून भाकरी तासभर भिजू द्या, वरून जिऱ्याची फोडणी. उन्हाळ्यात सकाळी याच्यासारखी न्याहारी नाही.

चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. कालवणाला चव कशी आणायची?

हिंग दुप्पट करा. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि शेंगदाण्याचं कूट यांचं वाटण लावलं की रस्सा दाट होतो. चिंच-गूळ थोडा वाढवा. चकोल्या, पाटवडी, अंबाडी, तिन्ही असे चांगले होतात. येसराच्या आमटीत मात्र लसणाची उणीव जाणवते.

मांसाहार नाही, मग प्रथिनं पुरतात का?

भाकरी आणि डाळ रोज एकत्र असेल आणि डाळ पुरेशी असेल तर पुरवता येतात. धान्यात लायसिन कमी असतं ते डाळीत मिळतं, डाळीत मिथिओनिन कमी असतं ते धान्यात मिळतं. अडचण प्रमाणाची असते. एक वाटी डाळीचं पातळ वरण सहा जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडी डाळ येते. फुणके, घुगऱ्या, शेंगोळे, डाळकांदा यांत डाळ घट्ट असल्यामुळे ती भरपूर पोटात जाते.

सोयाबीन लातूर भागात मुबलक आहे, पण कच्चं दळून कणकेत मिसळू नये. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो, तो उष्णतेने जातो. सोयाबीन २५ मिनिटं उकळून, कडक वाळवून, नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने दळायला द्या. याहून जास्त घातलं की पोळीला वास येतो.

सकाळी वेळ नसतो. आदल्या रात्री काय करून ठेवावं?

डाळकांद्याची एक वाटी हरभरा डाळ भिजत घाला, सकाळी चार कांद्यांबरोबर काळ्या मसाल्यात १५ मिनिटांत होते. डाळ बोटाने चेपली जावी पण दाणा अख्खा राहावा. मिरची-लसणाचं वाटण मीठ आणि चमचाभर तेल घालून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतं. पालेभाजी निवडून कोरडी करून कापडात गुंडाळा, पण चिरून ठेवू नका.

येसर आणि चटण्या किती दिवस टिकतात?

येसर कोरड्या बरणीत तीन-चार महिने. शेंगदाण्याची चटणी तीन आठवडे, कारळाची महिनाभर. जवसाची चटणी दोन आठवड्यांपुरतीच करा, कारण जवसातलं तेल फार लवकर खवट होतं. जवस तडतडेपर्यंत भाजून गार झाल्यावरच कुटावं. पावसाळ्यात ही सगळी मुदत निम्मी धरा आणि बरणीत ओला चमचा घालू नका.